नकाशात सोलापूर कोरंच!

जगाच्या एका नकाशावर सोलापूरला रंगच मिळत नाही. कॅनडाला मिळतो, रशियाला मिळतो, जर्मनी-जपानला मिळतो, एवढंच काय, पार तळाशी असलेल्या न्यूझीलंडलाही मिळतो. आपल्याकडे आलं की कोरा कागद. आणि एकटं सोलापूर नाही बरं का, लातूर, विजयपूर, चेन्नई, कोलंबो, सगळे त्याच पंगतीत कोरे बसलेले.

कसला नकाशा आहे हा? तर वसंतातलं शेवटचं दहिवर कुठे कोणत्या तारखेला पडतं, त्याचा.

दहिवर तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. थंडीच्या रात्री गवतावर, पानांवर, गाडीच्या टपावर बर्फाचा पांढरा, खरखरीत थर जमतो, ते दहिवर. दव पडून मग गोठलं तरी दहिवर, आणि हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फ होऊन चिकटली तरी दहिवरच. दिसायला झकास. पण टोमॅटोला विचाराल तर तो काही चांगलं बोलणार नाही. टोमॅटो, मिरची, भेंडी, काकडी ही सगळी उबदार मुलखातली झाडं. पानातलं पाणी गोठलं की बर्फाच्या सुया आतल्या पेशी फाडतात आणि सकाळी ऊन आल्यावर ते पान काळं पडून लोंबायला लागतं. एका रात्रीत वाफा खलास.

म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटात नातवंडांकडे राहायला गेलेल्या एखाद्या मराठी आजीला अंगणात मिरची लावायची असेल, तर तिला आधी शेजाऱ्यांना विचारावं लागतं, 'तुमच्याकडे शेवटचं दहिवर कधी?' मे अर्धा उलटेपर्यंत तिची रोपं खिडकीतच. कॅनडात बरेच बागवाले 'व्हिक्टोरिया डे'ची वाट बघतात, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार. जर्मनीत ११ ते १५ मे हे दिवस 'बर्फाळ संतांचे' मानतात. मामेर्टस, पांक्रात्सियस, सेर्वात्सियस, बोनिफात्सियस, आणि शेवटी १५ तारखेला 'थंड सोफी'. सोफीबाई गेल्या की मगच रोपं बाहेर! न्यूझीलंडमध्ये तर टोमॅटो लावायचा मुहूर्त ऑक्टोबरच्या शेवटी येणाऱ्या 'लेबर डे'चा, कारण तिकडे वसंतच तेव्हा असतो.

हे झाले लोकांचे आडाखे. नकाशा काढायचा तर आडाख्यावर भागत नाही.

आधी लागतात आकडे. एका ठिकाणचं रोजचं सगळ्यात कमी तापमान घ्यायचं, आणि तेही एक-दोन वर्षांचं नाही, निदान ३० वर्षांचं. हवामानशास्त्रात 'सरासरी' म्हणताना ३० वर्षं धरायची जगभर रीत आहे. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड धरतात. मग दर वर्षी वसंतात पारा शून्यावर किंवा त्याखाली शेवटचा कधी गेला ती तारीख शोधायची. मिळाल्या ३० तारखा. आता त्यांची सरासरी काढा.

तारखांची सरासरी? सोपं आहे, तारखेला नंबर द्यायचा. १ जानेवारीला १, २ जानेवारीला २, असं करत १५ एप्रिलला १०५. बेरीज करा, भागा, झालं.

थांबा, झालं नाही! समजा एका गावात एका वर्षी शेवटचं दहिवर २८ डिसेंबरला पडलं आणि दुसऱ्या हिवाळ्यात ६ जानेवारीला. नंबर झाले ३६२ आणि ६. बेरीज ३६८, निम्मे १८४. वर्षाचा १८४ वा दिवस कोणता? ३ जुलै! भर पावसाळ्यात दहिवर! गणित बरोबर आणि उत्तर हास्यास्पद. त्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात मोजणी १ जुलैपासून सुरू केली की बरं पडतं, म्हणजे अख्खा हिवाळा एका सलग ओळीत येतो. मग तेच दोन दिवस १८१ आणि १९० होतात आणि सरासरी येते १ जानेवारीच्या आसपास. दक्षिण गोलार्धात हिवाळा जून-जुलैत, तिथे १ जानेवारीपासून मोजलं तरी चालतं. म्हणजे एकाच नकाशात दोन कॅलेंडरं वापरायची. करून बघा वहीत, मजा येते.

आणखी एक मेख आहे. सरासरी तारीख म्हणजे 'यानंतर दहिवर नाही' अशी हमी नव्हे. जवळजवळ निम्म्या वर्षांत दहिवर त्या तारखेनंतरही पडलेलं असतं! म्हणून शहाणा शेतकरी सरासरीच्या भरवशावर राहत नाही. दहा वर्षांत फार तर एकदा दगा देईल अशी पुढची तारीख तो विचारतो.

आता खरी अडचण. तापमान मोजायचं कुठे? हवामान केंद्रात तापमापी एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असते. तिला 'स्टिव्हन्सन पेटी' म्हणतात. ती तयार करणारा थॉमस स्टिव्हन्सन हा दीपगृहं बांधणारा इंजिनियर, आणि 'ट्रेझर आयलंड' ही चाच्यांची गोष्ट लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टिव्हन्सनचा बाप. ही पेटी जमिनीपासून सव्वा मीटर किंवा त्याहून थोडी उंच असते. टोमॅटोचं रोप मात्र जमिनीलगत. आणि रात्री या दोन जागांच्या तापमानात चांगला चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो. पेटीत ३ अंश आणि खाली गवतावर बर्फ, असं सर्रास घडतं.

का बरं? सूर्य मावळला की जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडायला लागते. ढग असले तर त्यातली बरीच ऊब ते परत खाली पाठवतात. सोलापुरी चादर ओढून झोपल्यावर आपली ऊब आपल्यालाच मिळते ना, तसं. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की चादर गेली. जमीन, गवत, पत्रा भराभर गार होतात, हवेपेक्षाही गार.

याचा आपल्या देशात फार पूर्वीपासून फायदा उठवला गेलाय. फ्रीज नव्हते तेव्हा अलाहाबादकडे थंडीच्या रात्री मैदानात बर्फ 'पिकवत'. उथळ खड्डे खणायचे, त्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली धाटं पसरायची म्हणजे जमिनीची ऊब वर येत नाही, त्यावर मातीच्या उथळ परळांत उकळून गार केलेलं पाणी ठेवायचं. पहाटे सूर्य उगवायच्या आत परळात बर्फाचा पापुद्रा! हवा शून्याच्या वर असतानाही. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हा उद्योग पाहिला आणि १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. मला तर हा फ्रीजपेक्षा भारी शोध वाटतो. ना वीज, ना यंत्र, नुसतं आकाश.

आपल्या पुण्याचंही या गोष्टीत नाव आहे. सगळ्यांना वाटायचं, रात्री सगळ्यात गार जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभागच. १९३२ मध्ये एल. ए. रामदास आणि एस. आत्मनाथन या दोन भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी सांगितलं, नेहमीच तसं नसतं! उघड्या मातीवर, शांत रात्री, सगळ्यात गार थर जमिनीला चिकटून नसतो, तो थोडा वर, वीतभर-हातभर उंचीवर असतो. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. मोजण्यात चूक असेल म्हणाले. रामदास त्या काळात पुण्यात शेतीच्या हवामानाचा विभाग सांभाळत होते आणि जमिनीलगतची हवा वितीवितीने मोजण्याचा त्यांना छंदच होता. पुढे १९५०च्या दशकात क्लाउस राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच पुन्हा मोजमाप केलं आणि निघालं काय, तर रामदास बरोबर होते. त्या थराला आज 'रामदास थर' म्हणतात. तो का होतो याचा उलगडा करायला पुढे बंगळूरच्या रोद्दम नरसिंह यांच्यासारख्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना डोकं लावावं लागलं, आणि हवेतले सूक्ष्म धूलिकण त्यात काय करतात यावर अगदी अलीकडेपर्यंत प्रयोग चालले आहेत. एका हाताच्या उंचीत केवढं शास्त्र!

मग सांगा, नकाशावर टोमॅटोच्या रोपाचं तापमान दाखवायचं की पेटीतलं? बहुतेक नकाशे पेटीतलंच दाखवतात, कारण जगभर नोंदी तिथल्याच आहेत. जिथे केंद्र नाही, वस्ती नाही, तिथे संगणकाने आजूबाजूच्या नोंदींवरून आणि हवेच्या नियमांवरून काढलेले आकडे भरतात. युरोपातल्या एका केंद्राने १९४० पासूनचं सगळ्या जगाचं हवामान असं चौकटी-चौकटीत भरून ठेवलं आहे. एक चौकट साधारण ३१ किलोमीटरची.

३१ किलोमीटर! आता महाबळेश्वरला चला. ३१ किलोमीटरच्या एका चौकटीत महाबळेश्वरचं पठार येईल, पाचगणी येईल, खालची दरी येईल, आणि संगणक सगळ्यांची मिळून एकच उंची धरेल. प्रत्यक्षात काय होतं? जानेवारीतल्या एखाद्या पहाटे महाबळेश्वर गावात पारा चांगला आठ-नऊ अंशांवर असतो आणि थोड्याच अंतरावर वेण्णा तलाव ते लिंगमळा या सखल पट्ट्यात जीपच्या टपांवर, बोटींच्या धक्क्यावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो ठरलेला. गार हवा जड असते, ती उतारावरून ओघळत खोलगट जागेत साचते. ऑस्ट्रियात ग्रूनलोख नावाचा डोंगरातला एक खड्डा आहे, तिथे अशीच हवा साचून १९३२ मध्ये उणे ५२.६ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. खड्डा समुद्रसपाटीपासून जेमतेम १,२७० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली.

तर वेण्णा तलावाला नकाशात रंग द्यायचा का? हिमकण दर वर्षी पडतीलच असं नाही, पडले तर कधी डिसेंबरात, कधी फेब्रुवारीत. ज्या गावात दहा हिवाळ्यांतले निम्मे कोरडेच जातात, तिथे 'शेवटची तारीख' सांगण्यात अर्थ नाही, म्हणून नकाशाकार अशा जागा कोऱ्या सोडतात. उटीची गोष्ट मात्र वेगळी. आहे सोलापूरच्या कितीतरी दक्षिणेला, विषुववृत्ताच्या जवळ. पण उंची २,२०० मीटरच्या वर, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तिथले हिरवे माळ पहाटे पांढरे होतात. सोलापूर साडेचारशे मीटरच्या घरात. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे ऐन संक्रांतीला, आपण कानटोपी घालून 'काय थंडी पडलीय!' म्हणतो ना, तेव्हाही पहाटेचा पारा बहुधा पंधराच्या आसपास असतो. फारच कडाका पडला तर दहाच्या खाली. शून्य तिथून कुठल्या कुठे.

राज्यात दहिवराच्या अगदी जवळ जाणारं एक मोठं शेतीचं ठिकाण म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं निफाड. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा थंडीत रोज बातम्यांत येतो. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. द्राक्षवाले तेव्हा पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात, कारण अशा थंडीत तयार होत आलेल्या मण्यांना तडे जातात.

कोरा कागद म्हणजे आपल्या वाट्याला काहीच आलं नाही असं वाटतंय? मग शाळू बघा. रब्बीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ऐन डिसेंबर-जानेवारीत ती डोलत उभी असते, आणि आपण त्यातली कोवळी कणसं भाजून शेंगाचटणीबरोबर हुरडा खातो. ज्वारी ही उष्ण देशांतली वनस्पती, तिला दहिवर अजिबात सोसत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात ज्वारी भरपूर पिकते, पण तिथे ती पेरतात शेवटचं दहिवर होऊन जमीन तापल्यावर, मेअखेर किंवा जूनमध्ये, आणि शरदातलं पहिलं दहिवर आलं की तिचा खेळ संपतो. हिवाळ्यात ज्वारी? तिथल्या शेतकऱ्याला थट्टा वाटेल. आपला हुरडा त्या कोऱ्या रंगामुळे आहे.

पण द्राक्षांच्या बाबतीत मामला उलटा होतो, आणि मला सगळ्यात जास्त मजा तिथेच वाटते.

द्राक्षवेल मूळची थंड हिवाळा असणाऱ्या देशांतली. फ्रान्समध्ये थंडी पडली की तिची पानं गळतात, ती झोपते. एप्रिलच्या सुमारास हवा उबदार झाली की तिचे डोळे फुटतात. डोळे म्हणजे काडीवरचे कोंब. बागायतदार त्यांना डोळेच म्हणतात. डोळे फुटले आणि शेवटचं दहिवर अजून बाकी असलं की घात. एप्रिल २०२१ मध्ये नेमकं हेच झालं. मार्चअखेरीस फ्रान्समध्ये इतकं उकडलं की वेली लवकर जाग्या झाल्या, आणि ६ ते ८ एप्रिलच्या रात्री दहिवर कोसळलं. शेतकऱ्यांनी रांगांमधून मेणाचे मोठमोठे दिवे पेटवले. काहींनी तर कोंबांवर पाणी फवारलं, मुद्दाम, बर्फ जमू दिला! वेडेपणा वाटतो ना? पण पाणी गोठताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. फवारा रात्रभर चालू ठेवला तर बर्फाच्या आतला कोंब शून्याच्या फार खाली जात नाही, आणि तेवढी थंडी तो सोसतो. तरीही नुकसान एवढं झालं की सरकारने शेतीवरची आपत्ती जाहीर केली.

आता हीच वेल सोलापूरला आणा. नान्नजला आणा, 'सोनाका' ही लांबट मण्यांची प्रसिद्ध जात तिथलीच. किंवा पंढरपूरजवळच्या कासेगावला. इथे तिला झोपवणार कोण? हिवाळा तर नावालाच. मोकळी सोडली तर ती हिरवीच राहील, एक डोळा आज फुटेल, दुसरा पंधरा दिवसांनी, एका घडाला गोडी येईल तेव्हा शेजारचा आंबटढाण असेल. म्हणून हिवाळ्याचं काम इथे शेतकरी कात्रीने करतो. एप्रिलच्या सुमारास 'खरड छाटणी': काड्या अगदी बुडाजवळ कापून टाकायच्या, वेल बोडकी. मग उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांच्या आत, बाहेरून काही दिसत नसताना, पुढच्या घडांची तयारी होते. पावसाळा सरता सरता 'गोडी छाटणी': काड्या ठरावीक डोळ्यांवर कापायच्या, पानं काढून टाकायची, आणि ठेवलेल्या डोळ्यांना रसायनाची पेस्ट लावायची, म्हणजे सगळे डोळे बरोबर फुटतात. पेस्ट लावणारी माणसं हातमोजे घालून काम करतात, कारण ते औषध अंगाला वाईट. मुलांनी त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. आठ-दहा दिवसांत काडीवर कापसासारखं काहीतरी दिसू लागतं, त्यातून गुलाबी-हिरवं टोक वर येतं. फ्रान्सच्या वेलीला कळतं वसंत आला. इथे वसंत येतो ऑक्टोबरात, कात्रीच्या टोकावर!

डाळिंबाचंही तेच. इराणकडच्या थंडीत डाळिंब पानं गाळून झोपतं. सोलापुरात ते झोपायचं नावच घेत नाही, तर शेतकरी त्याचं पाणी तोडतो. याला म्हणतात 'ताण देणे'. महिना-दीड महिना पाणी बंद, पानगळ, हलकी छाटणी, आणि मग पहिलं पाणी. झाड दचकून उठतं आणि फुलांनी भरतं. उठवायचं कधी, त्यावरून बहाराचं नाव: पावसाच्या तोंडावर मृग बहार, पाऊस सरताना हस्त बहार, थंडी ओसरताना, आंब्याला मोहोर येतो तेव्हा, आंबे बहार. सोलापूरला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे, तिथे या ताणाचा सगळा हिशोब चालतो, किती दिवस, कोणत्या मातीत, किती पानगळ झाली की पाणी सोडायचं.

आता एक काम करता येईल. सोलापूर जिल्ह्याचा कोरा नकाशा घ्या आणि ओळखीच्या बागायतदार काका-मामांना विचारा, 'यंदा गोडी छाटणी कधी घेतली?' ती तारीख त्या गावावर लिहा आणि महिन्याप्रमाणे रंग भरा. दहिवराच्या नकाशात रंग हळूहळू बदलत जातात, दक्षिणेकडून उत्तरेकडे, दरीकडून डोंगराकडे. तुमच्या नकाशात तसं काही दिसणार नाही. बांधाला बांध लागून असलेल्या दोन बागांतली एक ऑगस्टअखेरीच्या रंगात निघेल आणि दुसरी ऑक्टोबरच्या, कारण एकाला आगाप माल बाजारात न्यायचा आहे आणि दुसऱ्याला परतीच्या पावसाची धास्ती आहे. तारखेच्या शेजारी ते कारणही लिहून घ्या, रंगांवरून ते कळणार नाही.